घरच्या घरी सरकतं खुराडं: चार कोंबड्या, एक माणूस, आणि पुण्याचा पाऊस

कोंबड्या पाळायच्या ठरल्या की लोक आधी एका कोपऱ्यात पक्कं खुराडं बांधून टाकतात, विटा, सिमेंट, वर पत्रा, आणि दोन-तीन महिन्यांत तिथली जमीन उघडी पडते, वास सुरू होतो, माश्या येतात आणि शेजारी बोलायला लागतात. सरकत्या खुराड्यात हे होत नाही, कारण रोज सकाळी ते आपण एक लांबी पुढे ढकलतो. कोंबड्यांना ताजं गवत आणि किडे मिळतात, शिट एका जागी साचत नाही, आणि मागे राहिलेली जमीन उकरून खत टाकून तयार झालेली असते. धायरी, भूगाव, वाघोली, उरुळी अशा भागात ज्यांचा बंगल्याभोवती थोडा प्लॉट आहे किंवा गावाकडे परसबाग आहे त्यांच्यासाठी हे एकदम बेस्ट काम आहे. पहिल्यांदाच हातात ड्रिल घेतलेला माणूसही दोन वीकेंडमध्ये करू शकतो.

फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. खुराडं एकट्या माणसाला हलवता आलं पाहिजे. दोन माणसं लागणार असतील तर ते पहिला आठवडा हलेल, मग दुसरा माणूस ऑफिसला गेलेला असेल, आणि मग ते तिथेच बसेल कायमचं. म्हणून पुढे जे काही लाकूड, जाळी, पत्रा सांगतोय ते सगळं वजनाचा विचार करून सांगतोय.

माप: 8 फूट लांब, 3 फूट रुंद. उंची एका बाजूला साडेतीन फूट आणि दुसऱ्या बाजूला 3 फूट, म्हणजे छताला सहा इंचाचा उतार आपोआप मिळतो. यात चार कोंबड्या आरामात राहतात, सहा कोंबायला जाऊ नका. मागच्या अडीच फुटात वर एक बंद खोली, तिची फळी जमिनीपासून 15 इंच वर, त्यामुळे खोलीखालची जागाही कोंबड्यांना सावलीला मिळते. रात्रीच्या खोलीत एका कोंबडीला पावणेदोन-दोन स्क्वेअर फूट पुरतं, आपली खोली साडेसात स्क्वेअर फुटांची होते, हिशोब बसला.

लाकूड घ्यायला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच, पण आधी पॅकिंगचं पाइनवुड बघा, चाकण-भोसरीच्या कंपन्यांमधून निघालेली पॅलेट्स भंगारवाल्यांकडे विकायला असतात. पॅलेट घेताना त्याच्यावरचा शिक्का नीट वाचा, गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असतं आणि बाजूला अक्षरं असतात. एचटी लिहिलं असेल तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं आहे, ते चालतं. एमबी लिहिलं असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, ते कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तेलाचे किंवा केमिकलचे डाग असलेलंही नको. आपल्याला दोन बाय दीड इंचाच्या पट्ट्या लागतील, नुसत्या चौकटीलाच साधारण 80-85 फूट. सागवान टिकतं हे खरं, पण ते जड पडतं आणि महाग पडतं, इथे त्याची गरज नाही.

लोखंडी स्क्वेअर पाइपचं वेल्डरकडून करून घेऊ का असं बरेच जण विचारतात. घ्या की, वाळवीची कटकट जाते आणि पातळ पाइप घेतला तर वजनही आटोक्यात राहतं. पण स्वतःच्या हाताने करायचं असेल आणि उद्या एखादं दार हलवावंसं वाटलं तर लाकडात स्क्रू काढला की काम होतं, म्हणून मी नवीन माणसाला लाकूडच सांगतो.

लाकडाला जळकं इंजिन ऑइल फासायची आपल्याकडे सवय आहे. इथे अजिबात नको, कोंबड्या लाकडाला चोच मारत बसतात आणि ते ऑइल जमिनीतही उतरतं. अळशीचं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं, दोन हात मारा आणि चार-पाच दिवस उन्हात चांगलं सुकू द्या. पट्ट्या कापून झाल्या की आधी तेल, मग जोडणी, कारण पाणी पितात ती कापलेली टोकं, आणि एकदा जोडलं की तिथे ब्रश पोचत नाही. आणि तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीच्या तेलाची फडकी आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात, ती पसरून वाळवा आणि मगच फेका.

आता चौकट. खालची आयताकृती चौकट आधी जमिनीवर आडवी ठेवून जोडा, आठ फुटी दोन, तीन फुटी दोन, आणि मध्ये एक आडवी. प्रत्येक स्क्रूच्या आधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या, पाइनवुड टोकाला लगेच चिरतं. चौकट गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आहे का हे बघायला दोन्ही कर्ण टेपने मोजा, दोन्ही सारखे आले पाहिजेत, 8 बाय 3 ला ते 8 फूट साडेसहा इंच येतात. यात अर्धा-पाऊण इंचाचा फरक असेल तर आत्ताच ठोकून सरळ करा, नाहीतर पुढे दार बसत नाही, पत्रा तिरका होतो, सगळंच बिघडत जातं. मग उभ्या पट्ट्या लावा, चार कोपऱ्यांना चार आणि खोली जिथे सुरू होते तिथे दोन, एका बाजूच्या साडेतीन फुटी आणि दुसऱ्या बाजूच्या तीन फुटी. वर परत लांब पट्ट्या आणि तीन आडव्या. कोपऱ्यात एल पट्ट्या मारा आणि दोन्ही लांब बाजूंना एक-एक तिरकी पट्टी द्याच. उचलताना सगळा पीळ चौकटीवर येतो, तिरकी पट्टी नसेल तर पंधरा दिवसांत सांधे खिळखिळे होतात.

जाळीवर मात्र कंजूषी करू नका. षटकोनी चिकन जाळी सगळीकडे मिळते, स्वस्त मिळते, नावातच चिकन आहे म्हणून लोक घेतात, पण ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. भटकं कुत्रं दातात धरून ओढतं आणि जाळी फाटते. अर्धा इंच चौकोनाची जी.आय. वेल्ड मेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तारा वेल्ड केलेली जाळी घ्या, 4 फूट रुंदीची, 30 फूट लांब. पुण्यात आपले शत्रू कोण ते लक्षात घ्या: कुत्री, बोका, मुंगूस, घूस, साप, आणि दिवसा वरून घार आणि शिकरा. यातलं मुंगूस सगळ्यात चिवट. ते जाळी फाडत नाही, ते फट शोधतं. दाराचा खालचा कोपरा, जाळी आणि लाकडाच्या मधली पोकळी, जमिनीच्या खड्ड्यावर खुराडं ठेवल्याने पडलेली फट, अशा जागा ते संध्याकाळच्या आधी शांतपणे फिरून तपासतं. तुम्ही पण काम झाल्यावर असंच गुडघ्यावर बसून सगळीकडून फिरा, आणि जिथे दोन बोटं आत जातात तिथे पट्टी किंवा जाळीचा तुकडा मारा.

जाळी नुसत्या यू खिळ्यांनी ठोकू नका, ओढली की खिळे उपटून येतात. मोठा वॉशर घालून स्क्रू, दर पाच-सहा इंचांवर, आणि कोपऱ्यांत थोडे जवळ. हे कंटाळवाणं काम आहे, हात भरून येतो, पण रात्रीचा सगळा भरवसा या वॉशरवरच आहे. जाळी चौकटीच्या बाहेरून लावा, आतून नाही, म्हणजे कोणी बाहेरून ढकललं तर ती लाकडावरच दाबली जाते.

तीस फुटांचा हिशोब असा, दोन लांब बाजूंना आठ-आठ, पुढे-मागे तीन-तीन, आणि उरलेल्या आठ फुटांच्या तुकड्यातून एक-एक फूट रुंदीच्या चार पट्ट्या कापायच्या. या पट्ट्या खुराड्याच्या खालच्या कडेला बाहेरून तारेच्या कड्यांनी अडकवायच्या, जमिनीवर पदरासारख्या पसरतील अशा. मागची पट्टी बिजागरीसारखी सहज वळली पाहिजे, तिथे चाकंही येणार आहेत. कुत्रं भिंतीला चिकटून उकरायला लागतं आणि पाय या जाळीवर पडतात, मागे सरकून एक फुटावरून बोगदा काढायचं त्याला सुचत नाही. सकाळी हलवताना पदर वर उचलून हुकाला अडकवायचा, जागा बदलली की परत खाली सोडून कोपऱ्यावर वीट ठेवायची.

खोलीसाठी 6 एमएम वॉटरप्रूफ प्लायची एकच 8 बाय 4 ची शीट पुरते, फळी आणि चार भिंती त्यातून निघतात, दुकानातच मशीनवर कापून घ्या. फळीखाली मध्ये एक आडवी पट्टी द्या नाहीतर ती झोल खाते. भिंती वरपर्यंत नेऊ नका, छताखाली तीन-चार इंच मोकळे सोडून तिथे जाळीच राहू द्या. बरेच जण थंडीच्या भीतीने सगळं बंद करतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पारा आठ-दहावर येतो, पण त्याने कोंबडीचं काही बिघडत नाही, तिच्या अंगावर पिसांची रजई आहे. तिचं बिघडतं ते बंद हवेने, रात्रभर शिटेतून येणाऱ्या अमोनियाने आणि ओलाव्याने. हवा डोक्याच्या वरून खेळली पाहिजे, अंगावर झोत नको.

उंच बाजूची भिंत बिजागरीवर लावा, पूर्ण खाली पडेल अशी, म्हणजे साफसफाईला हात आतपर्यंत जातो. बसायला एक दांडा, तीन फूट लांब, दोन इंच रुंद, वरच्या कडा पॉलिश पेपरने गोल केलेल्या. फळीपासून आठ-नऊ इंच वर. एका कोंबडीला नऊ इंच धरले तर चौघी बरोबर मावतात. दांडा स्क्रूने फिक्स न करता खाचेत ठेवा, काढता आला पाहिजे, कारण माइट नावाचे रक्त पिणारे बारीक किडे दिवसा दांड्याच्या टोकाखाली लपतात आणि रात्री वर चढतात, महिन्यातून एकदा दांडा काढून उन्हात टाकला आणि खाचेत चुना फासला की बराच बंदोबस्त होतो.

अंडी घालायला खोका एकच पुरे, चार कोंबड्यांना दोन दिले तरी चौघी एकाच खोक्यासाठी भांडणार. साधारण फूट बाय फूट. आंब्याची लाकडी पेटी मिळाली तर तीच खोलीच्या मागच्या भिंतीला बाहेरून लावा, वरून झाकण आणि झाकणावर पत्र्याचा तुकडा, म्हणजे बाहेर उभं राहून अंडं काढता येतं. एक गोष्ट पाळा, खोका दांड्यापेक्षा खाली पाहिजे. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा हवी असते, खोका उंच असेल तर ती त्यातच झोपणार आणि सकाळी अंडं शिटेत.

आत-बाहेर करायला भिंतीत दहा बाय बारा इंचाचं भोक आणि त्याला पावणेदोन फुटी फळीची शिडी, वर चार-चार इंचांवर पट्ट्या ठोकलेली. तिचं वरचं टोक भोकाच्या खाली बिजागरीने लावा आणि दुसऱ्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून छताखालून बाहेर काढा. दोरी ओढली की शिडी वर येऊन भोक बंद करते, म्हणजे दार वेगळं करायलाच नको. पुढच्या टोकाची जाळी वेगळ्या चौकटीवर ताणून त्याचं मोठं दार करा आणि दाराला वर एक खाली एक अशा दोन कड्या लावा, एका कडीने खालचा कोपरा वाकतो.

छताला कलर कोटेड पत्रा, साडेतीन फूट लांबीचे दोन तुकडे कापून घ्या. पन्हाळी, म्हणजे पत्र्यावरचे खोलगट पट्टे, उताराच्या दिशेने येऊ द्या, म्हणजे उंच बाजूकडून बुटक्या बाजूकडे, लांबीला लावलात तर पाणी आडवं साचून आत गळतं. मागून सुरू करून दोन पत्र्यांत सहा-साडेसहा फूट झाकलं जातं, पुढचे दीड-दोन फूट वरूनही जाळी, तिथून ऊन येतं आणि कोंबड्या मातीत अंग घोळवायला तीच जागा पकडतात. लांब बाजूंच्या रोलमधून कापून उरलेल्या जाळीच्या पट्ट्या इथे वापरा, जोड असेल तिथे तारेने शिवून घ्या. रबर वॉशरवाले पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर मारायचे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्यावर चुन्याचे दोन हात आणि दुपारी ओलं पोतं, एवढ्याने आतला फरक हाताला कळतो.

आता चाकं, आणि नवीन माणसाचं डोकं इथेच फिरतं. चाकं सरळ खाली लावली तर खुराडं कायम चार इंच वर उभं राहील आणि खालून सगळं जग आत येईल. म्हणून चाकं मागच्या टोकाला, चौकटीच्या बाहेर. आठ इंचाची रबरी चाकं घ्या, बोहरी आळीत नवीन मिळतात, नाहीतर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाका. मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून भक्कम पट्टी किंवा लोखंडी अँगल बाहेर काढून आस चौकटीच्या मागच्या कडेपासून सहा इंच मागे धरा, आणि उंची अशी ठेवा की खुराडं जमिनीवर टेकलेलं असताना चाक जमिनीपासून पाव इंच वर लोंबतं. पुढे दोन हँडल्स, चौकटीच्या खालच्या लांब पट्ट्यांना बोल्ट केलेली, दोन फूट बाहेर आलेली. हँडल उचललं की खुराडं मागच्या कडेवर कलतं, चाकं खाली येऊन टेकतात, मागची कड इंचभर सुटते आणि हातगाडीसारखं सगळं पुढे जातं. खाली ठेवलं की चाकं परत हवेत आणि चौकट जमिनीवर. खोली, प्लाय, खोका, झोपलेल्या कोंबड्या असं सगळं जड सामान चाकांच्या जवळ आहे, त्यामुळे पूर्ण खुराडं साठेक किलोचं झालं तरी तुमच्या हातात त्याच्या निम्म्याहून कमी वजन येतं. खोली पुढच्या टोकाला केली असती तर हेच उलटं झालं असतं.

हलवायची वेळ म्हणजे सकाळी, शिडी खाली सोडायच्या आधी. पुढचं टोक चांगलं दीड फूट उचललं जातं, कोंबड्या खाली असतील तर सरळ बाहेर पळतील किंवा मागच्या कडेखाली पाय सापडेल. आधी हलवा, पदर सोडा, विटा ठेवा, मग शिडी. दहा मिनिटांचं काम. 600 स्क्वेअर फूट मोकळी जागा असेल तर त्याच तुकड्यावर परत यायला 25 दिवस लागतात, तेवढ्यात पावसाळ्यात गवत मस्त फुटतं. उन्हाळ्यात पाणी मारल्याशिवाय फुटत नाही, तेव्हा तुमच्याकडे नारळाची आळी, केळी, आंबा असेल तर त्यांच्या मधल्या जागेत फिरवा.

मेमधल्या वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो त्याच्यापासून सावध राहा. खुराडं हलकं केलंय म्हणजे ते उडूही शकतं. चार कोपऱ्यांना कड्या लावून ठेवा आणि फूटभर लांबीच्या सळीच्या खुंट्या तिरक्या ठोकून दोरीने आवळा, तंबू बांधतात तसं.

जून ते सप्टेंबर मात्र रोज हलवायचा हट्ट सोडा. हडपसर-वाघोलीकडच्या काळ्या मातीत चाकं रुततात, आणि सतत ओल्या जमिनीवर कोंबड्यांचे पाय खराब होतात, पोटात जंतही वाढतात. जिथे पाणी साचत नाही अशा जागी मुरूम टाकून एक उंचवटा करा, खुराडं त्यावर आणा आणि आत चार इंच भाताचं तूस पसरा, मुळशी-मावळ-भोरकडच्या राइस मिलमध्ये मिळतं. रोज थोडं खालीवर करायचं, ओलं झालेलं काढून कोरडं टाकायचं. पुढच्या उघड्या जाळीवर ताडपत्री. उघडीप मिळाली की परत फिरवायला सुरुवात. ते निघालेलं तूस कंपोस्टमध्ये टाका, थेट झाडांच्या बुंध्याला नको, ताज्या शिटेने मुळं जळतात.

कोंबड्या कुठल्या? पहिल्यांदा करताय तर एक दिवसाची पिल्लं नकोत, त्यांना पहिले काही आठवडे बल्बची ऊब लागते आणि ते वेगळंच काम आहे. चार महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या घ्या, पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. अंड्यासाठी ग्रामप्रिया चांगली, अंडी आणि मांस दोन्हीसाठी गिरिराज किंवा वनराज, आणि गावरान अंडी कमी देते पण चपळ असते, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली तर पिल्लंही काढते. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करून ठेवा. कोंबडा घेऊ नका. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, फक्त पिल्लांसाठी लागतो, आणि पहाटे चारची बांग आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाते. सोसायटी असेल तर खुराड्याला हात लावायच्या आधी कमिटीशी बोलून घ्या. घेताना मानमोडीची (राणीखेत रोगाची) आणि देवीची लस झाली आहे का हे विचारा, झाली नसेल तर जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारून करून घ्या. एकाएकी कोंबड्या मरायला लागल्या तर मेलेली कोंबडी फेकू नका, कुत्र्याला घालू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा, औंधला त्यांची रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे.

खाणं एका कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम, लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि वर घरातला भाजीपाला, भाकरीचे तुकडे. वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा कायम ठेवा, कवच पातळ पडत नाही. पाणी पाव लिटर धरा, उन्हाळ्यात दुप्पट. खाण्याचं भांडं छताच्या आडव्या पट्टीला साखळीने टांगा, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे उकरून सांडत नाहीत आणि खुराडं कलतं तेव्हाही भांडं सरळच राहतं. रात्री उरलेलं खाणं मात्र काढून घ्या, घुशी त्याच्या वासानेच येतात.

आणल्यावर पहिले तीन-चार दिवस खुराडं एकाच जागी ठेवा, रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आधी आत बघा. एखादी खालीच बसून राहिली तर उचलून दांड्यावर ठेवा आणि शिडी बंद करा. कोंबड्यांना घर कळायला एवढे दिवस लागतातच. एकदा चौघी आपापल्या वर चढायला लागल्या की पाचव्या दिवसापासून हँडल उचला.